बाटलीतला झाडपाला आणि मुलांची कुचंबणा

मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये खोकल्याच्या एका दूषित औषधाने वीसहून अधिक बालकांचा बळी घेतला. औषधात सापडलेल्या डायएथिलिन ग्लायकॉल या विषारी द्रावकामुळे या मुलांची मूत्रपिंडे निकामी झाली होती. त्यानंतर केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने तातडीने सूचना काढली. दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती शक्यतो टाळावीत, असे त्यात म्हटले होते. लहान मुलांच्या पातळ औषधांची एवढी झडती क्वचितच झाली असेल. मात्र औषधाच्या दुकानात त्याच फळीवर, शेजारीच उभ्या असलेल्या आणि हिरव्या पानाचे चित्र मिरवणाऱ्या बाटल्या या झडतीतून सुटल्या. उलट, अशा घटनेनंतर 'निदान झाडपाल्याचे तरी निर्धोक' असा विचार पालकांच्या मनात बळावणे स्वाभाविक आहे. हा विचार कितपत टिकतो, हे पाहण्यासाठी खोकल्यापेक्षा एक वेगळे, फारसे न बोलले जाणारे दुखणे अधिक उपयोगी पडेल. ते म्हणजे मुलांच्या लघवीच्या आणि शौचाच्या तक्रारी.

मूल मोठे झाले तरी रात्री अंथरूण ओले करते, चार-चार दिवस शौचाला जात नाही, चड्डीला डाग लागतात, शाळेतून घरी येताच दप्तर फेकून संडासाकडे धावते. या तक्रारींची चर्चा शेजारी होत नाही, नातलगांत होत नाही आणि पुष्कळदा डॉक्टरांसमोरही होत नाही. ताप आला तर पालक मुलाला दवाखान्यात नेतात; अंथरूण ओले झाले तर गादी उन्हात घालतात आणि मुलाला दटावतात. जेथे संकोच असतो तेथे चिठ्ठीविना मिळणाऱ्या मालाची बाजारपेठ चांगली फोफावते. गोखरू, पुनर्नवा, वायवर्णा, हिरडा, सोनामुखी, बडीशेप अशी ओळखीची नावे असलेली सायरपे, चूर्णे आणि चघळण्याच्या गोळ्या या बाजारपेठेत मुबलक आहेत. नावे ओळखीची असल्याने शंका येत नाही. ही सारी द्रव्ये विषारी आहेत, असे कोणीही म्हणणार नाही. प्रश्न वेगळाच आहे.

अंथरुणात लघवी होण्याचेच उदाहरण घेऊ. वैद्यकशास्त्र पाच वर्षांपर्यंत त्याला आजार मानतच नाही. पाचव्या वर्षी साधारण १५ टक्के मुले रात्री अंथरूण ओले करीत असतात. त्यानंतर दरवर्षी, काहीही उपचार न करता, त्यांपैकी सुमारे १५ टक्के मुलांची ही सवय आपोआप सुटते. वयात येईपर्यंत हे प्रमाण एक-दोन टक्क्यांवर येते. आनुवंशिकतेचा वाटा तर फारच मोठा आहे. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असेल तर मुलाला तो होण्याची शक्यता ४० टक्क्यांच्या पुढे जाते आणि दोघांनाही असेल तर ती ७० टक्क्यांहून अधिक असते. मुलाला रागावणाऱ्या वडिलांची स्वतःच्या आईकडे या बाबतीत चौकशी केली, तर अनेक घरांत वेगळेच काही बाहेर येईल. रात्री लघवीचे प्रमाण कमी ठेवणारे संप्रेरक पुरेसे न स्रवणे, मूत्राशयाची क्षमता वयाच्या मानाने कमी असणे आणि मूत्राशय भरल्याची जाणीव होऊनही झोप न मोडणे ही यामागची तीन प्रमुख कारणे. आळस, हट्ट वा खोडसाळपणा यांचा त्यात समावेश नाही.

आता या आकडेवारीचा व्यापारी अर्थ पाहण्यासारखा आहे. समजा, एक हजार पालकांनी आपापल्या सात वर्षांच्या मुलाला वर्षभर एखादे हर्बल सायरप दिले. त्या बाटलीत नुसते साखरेचे पाणी असले तरी वर्षाअखेरीस सुमारे दीडशे घरांत अंथरूण कोरडे राहू लागलेले असेल. हे दीडशे पालक त्या सायरपाची तारीफ करतील आणि त्यांच्या तारफेत खोटेपणा अजिबात नसेल. उरलेले साडेआठशे गप्प बसतील, कारण मुळात विषयच लाजेचा. म्हणूनच या दुखण्यावरील कोणत्याही औषधाची तुलना औषध न घेतलेल्या मुलांशी केल्याखेरीज 'गुण आला' या शब्दांना काही अर्थ उरत नाही. अशी तुलना झालीच नाही, असे नाही. पूरक उपचारांचे कॉक्रेन संस्थेने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेले परीक्षण उपलब्ध आहे. त्यात संमोहन, अॅक्युपंक्चर आणि औषधी वनस्पती या सर्वांच्या बाजूने मिळालेला पुरावा तुरळक, लहानशा चाचण्यांवर आधारलेला आणि पद्धतीच्या दृष्टीने कच्चा ठरला. याउलट ओलावा लागताच वाजणाऱ्या गजरयंत्राने सुमारे दोनतृतीयांश मुले उपचारादरम्यान कोरडी राहू लागतात आणि त्यांतील बऱ्याच मुलांमध्ये तो गुण टिकतो. गजराला मेहनत लागते. काही आठवडे रात्री-अपरात्री पालकांनाच उठावे लागते. चमचाभर सायरप पाजणे त्या मानाने फारच सोपे.

गुणाचे फुकट श्रेय घेणे ही फार तर व्यापारातली चलाखी म्हणून सोडून देता येईल. अधिक गंभीर बाब आहे ती खरे कारण झाकले जाण्याची. ते कारण अनेकदा मूत्राशयात नसतेच. ते त्याच्या पाठीमागे, गुदाशयात असते. कॅनडातील माँट्रियलच्या शॉन ओ'रेगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यात हे प्रथम ठळकपणे मांडले. त्यांच्या म्हणण्याचा गाभा सोपा आहे. घट्ट मलाने फुगलेले गुदाशय समोरच्या मूत्राशयावर दाब देते. मग मूत्राशय पुरते भरत नाही, पुरते रिकामेही होत नाही आणि मध्येच आकुंचन पावते. त्यातून अंथरूण ओले होते, दिवसा कपडे ओले होतात आणि मूत्रमार्गाचा संसर्गही वारंवार होतो. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाच्या डॉ. वेरा लोनिंग-बाउके यांनी १९९७ मध्ये २३४ बद्धकोष्ठग्रस्त मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्या मुलांचे बद्धकोष्ठ दूर झाले, त्यांच्यापैकी दिवसा लघवी निसटणाऱ्या ८९ टक्के आणि रात्री अंथरूण ओले करणाऱ्या ६३ टक्के मुलांचा तो त्रासही थांबला. लघवीसाठी त्यांना कोणतेही वेगळे औषध दिलेले नव्हते. केवळ रात्रीच अंथरूण ओले करणाऱ्या प्रत्येक मुलाला बद्धकोष्ठ असतेच असे नाही, हे खरे. पण ते आहे काय, हे तपासल्याविना मूत्रविकारावरची बाटली सुरू करणे म्हणजे गळक्या छपराखाली नुसते घमेले ठेवणे होय.

आणि हे बद्धकोष्ठ पालकांच्या लक्षात येतेच असे नाही. मूल रोज संडासला जाते, एवढ्यावर ते समाधानी असतात. प्रत्यक्षात आत मलाचा गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ मल झिरपत असतो. चड्डीला लागणारे डाग हे त्याचेच लक्षण. पालकांना मात्र ते जुलाब वाटतात आणि मग जुलाब थांबवणारे काहीतरी दिले जाते. रोग एक, इलाज नेमका उलटा.

येथे सोनामुखीचा विचार करणे भाग आहे, कारण 'पोट साफ' करणाऱ्या असंख्य चूर्णांचा आणि चहांचा खरा कर्ता-करविता तीच असते. सोनामुखी ही वनस्पती आहे, जुनी आहे आणि गुणकारीही आहे. आधुनिक औषधशास्त्राने तिला नाकारलेले नाही. ब्रिटनमधील 'नाइस' या संस्थेच्या २०१० च्या मार्गदर्शिकेत मुलांच्या बद्धकोष्ठावर आधी पॉलिएथिलिन ग्लायकॉल आणि ते पुरेसे न ठरल्यास सोनामुखीसारखे आतड्याला चालना देणारे औषध सुचविलेले आहे. (छिंदवाड्यातील विषाशी या पॉलिएथिलिन ग्लायकॉलचे नाते केवळ नावापुरते, दोहोंची गल्लत होऊ नये.) फरक आहे तो मात्रेचा. प्रमाणित गोळीत सोनामुखीतील कार्यकारी द्रव्य, म्हणजे सेनोसाइड, किती मिलिग्रॅम आहे हे लिहिलेले असते. पानांच्या चूर्णात ते पानाच्या प्रतीनुसार, साठवणीनुसार बदलते. चमचा तोच, परिणाम मात्र दर खेपेस निराळा. सोनामुखीच्या मोठ्या मात्रेनंतर लंगोटातील मल रात्रभर त्वचेला लागून राहिला तर लहान मुलांना भाजल्यासारखे फोड येतात, हेही वैद्यकीय साहित्यात नोंदले गेले आहे.

गंमत अशी, की आतड्यातून फारसे शोषले न जाणारे आणि केवळ पाणी धरून मल मऊ ठेवणारे पॉलिएथिलिन ग्लायकॉल डॉक्टरांनी लिहून दिले, तर 'याची सवय लागेल' म्हणून पालक ते आठवडाभरात बंद करतात. सवयीच्या त्याच भीतीपोटी ते जे हर्बल चूर्ण आणतात, त्यात मात्र आतड्याला हिसका देऊन काम करवून घेणारी सोनामुखी असते. युरोप व उत्तर अमेरिकेतील बालपचनविकार तज्ज्ञांच्या संघटनांच्या २०१४ च्या शिफारशींनुसार मल मऊ ठेवणारे औषध किमान दोन महिने चालू ठेवायचे असते आणि तक्रारी थांबून महिना उलटल्यावर हळूहळू कमी करायचे असते. ताणलेले गुदाशय पूर्ववत व्हायला तेवढा काळ लागतोच. पॉलिएथिलिन ग्लायकॉलही प्रश्नातीत आहे असे नव्हे. अमेरिकेत दुकानात मिळणाऱ्या त्याच्या डब्यावर वापराची मर्यादा सतरा वर्षांवरील व्यक्तींसाठी सात दिवस अशी छापलेली असते आणि बालरोगतज्ज्ञ मात्र ते लहान मुलांना महिनोन्‌महिने देतात, यावर तेथे पालकांनी आवाज उठवलेला आहे. पण निदान तेथे वादाला आधार म्हणून चाचण्या आहेत, मात्रा ठरलेली आहे, डब्यावर मर्यादा छापलेली आहे. हर्बल बाटलीबाबत वाद घालायचा तरी कशाच्या आधारावर?

सरसकट नाकारण्याजोगे हे क्षेत्र नाही, याचा दाखला क्रॅनबेरीने दिला आहे. कॉक्रेनने २०२३ मध्ये आपले परीक्षण अद्ययावत केले, तेव्हा पन्नास चाचण्यांतील सुमारे ८,९०० व्यक्तींची माहिती तपासली गेली. क्रॅनबेरी घेणाऱ्या मुलांमध्ये मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोका ५४ टक्क्यांनी घटलेला आढळला. गुण दाखवायला वनस्पतीला कोणी अडवलेले नाही, एवढे यावरून स्पष्ट व्हावे. मात्र त्याच परीक्षणात मूत्राशय पुरते रिकामे न होण्याचा विकार असलेल्यांना तिचा फायदा दिसला नाही. शिवाय हा उपयोग संसर्ग पुन्हा होऊ नये यासाठीचा आहे. अंगात ताप असलेल्या मुलाच्या चालू संसर्गावर तो इलाज नव्हे. तापासह झालेल्या मूत्रसंसर्गात प्रतिजैविक सुरू करण्यास उशीर झाला की मूत्रपिंडावर कायमचे व्रण राहण्याचा धोका वाढतो. (जाता जाता : कोकणातले करवंद म्हणजे क्रॅनबेरी नव्हे. दोहोंची कुळेच निराळी आहेत.) इसबगोलची गोष्टही अशीच. भरपूर पाण्याबरोबर, मोठ्या माणसाला ते उत्तम. पण मल धरून ठेवणाऱ्या, पाणी कमी पिणाऱ्या मुलाच्या पोटात आणखी चोथा भरून फारसे काही साधत नाही. वर उल्लेखिलेल्या शिफारशींतही आहारातील नेहमीच्या चोथ्यापलीकडे वेगळा पूरक चोथा देण्याचे समर्थन केलेले नाही.

या साऱ्यात आयुर्वेदाची बाजू कोणती, असा प्रश्न साहजिकच विचारला जाईल. या बाटल्यांच्या विरोधातील सर्वांत चांगले पुरावे आयुर्वेदातच सापडतात. 'शय्यामूत्र' ही बालरोगांतील संज्ञा शार्ङ्गधर संहितेला ठाऊक आहे. कश्यप संहितेने नवजात बालकाची औषधमात्रा वावडिंगाच्या दाण्याएवढी सांगितली आणि ती महिन्यामहिन्याने वाढवत न्यायची रीत घालून दिली. म्हणजे मुलाचे वय आणि औषधाची मात्रा यांचा संबंध त्या काळीही विचारात घेतला गेला होता. महाराष्ट्रातील घराघरांत दिली जाणारी बाळगुटी पाहिली तरी तेच दिसेल. सहाणेवर हिरड्याचा एक वेढा, मुरुडशेंगेचे दोन, वेखंडाचा अर्धाच. बाळाच्या शौचाचा रंग आणि पोताप्रमाणे आजी वेढे कमी-जास्त करी. गुटीतही सारे निर्दोष होते असे नाही. वेखंडातील बीटा-असारोन हे द्रव्य उंदरांवरील प्रयोगांत कर्करोगकारक आढळल्याने अमेरिकेने १९६८ मध्येच अन्नात वेखंड वापरण्यास बंदी घातली. पण वेढ्याने पोटात जाणारी मात्रा नगण्य होती आणि देणाऱ्याची नजर बाळावर होती. त्याच परंपरेचे नाव सांगणारी बाटली 'लहान मुलांना अर्धा ते एक चमचा, दिवसातून दोनदा' एवढ्यावर भागवते. दोन वर्षांचे मूलही लहान आणि बारा वर्षांचेही लहानच.

चरक संहितेचे तर एक संपूर्ण प्रकरण शरीराच्या नैसर्गिक वेगांना रोखू नये, हे सांगण्यासाठी खर्ची पडले आहे. असे तेरा वेग चरकाने मोजले आणि त्यात मूत्र व मल यांचा उल्लेख आहे. वेग अडवल्याने रोग होतो, हा त्याचा निष्कर्ष आणि माँट्रियलच्या डॉक्टरांचा निष्कर्ष यांत फारसे अंतर नाही. मग जे मूल वेग अडवते आहे, त्याच्या अडवण्याचे कारण शोधायचे की अडवणे तसेच चालू ठेवून वर औषध पाजायचे? बाटली दुसरा मार्ग धरते आणि नाव मात्र चरकाचे घेते.

हे घडू शकते, कारण कायदा तशी मोकळीक देतो. आयुर्वेदिक औषधांचे नियमन औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० खाली होते. २०१० मध्ये आणलेल्या नियम १५८-ब नुसार ग्रंथोक्त औषधाला सुरक्षितता वा परिणाम यांची नवी चाचणी लागत नाही. 'पेटंट वा प्रोप्रायटरी' वर्गातील औषधाचे घटक ग्रंथात सापडत असतील, तर सुरक्षिततेचा स्वतंत्र अभ्यास मागितला जात नाही आणि परिणामासाठी छोटेखानी प्राथमिक अभ्यास पुरतो. 'पेटंट' हा शब्द येथे मोठी दिशाभूल करतो. ग्राहकाला वाटते, काही संशोधन होऊन त्यावर हक्क मिळालेला आहे. वस्तुतः ग्रंथातील घटकांची उत्पादकाने आपल्या मनाने केलेली नवी जुळणी, एवढाच या संज्ञेचा अर्थ. अमेरिकेत २००२ मध्ये कोरफडीपासूनचा बोळ आणि कॅस्कारा यांची विनाचिठ्ठी रेचके बाजारातून काढावी लागली, ती विषबाधेच्या एखाद्या मोठ्या प्रकरणामुळे नव्हे. सुरक्षिततेची मागितलेली माहिती उत्पादकांनी सादर केली नाही, एवढेच कारण त्याला पुरले. आपल्याकडे ती मागितलीच जात नाही.

जाहिरातींचे प्रकरण याहून चमत्कारिक. आयुर्वेदिक औषधाची जाहिरात करण्यापूर्वी राज्य परवाना प्राधिकरणाची मंजुरी घ्यावी, असे सांगणारा नियम १७० डिसेंबर २०१८ मध्ये आला. ऑगस्ट २०२३ मध्ये आयुष मंत्रालयाने त्याखाली कारवाई करू नये, असे राज्यांना कळविले. इंडियन मेडिकल असोसिएशनने पतंजली आयुर्वेदच्या जाहिरातींविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका केलेली होती. तिच्या सुनावणीत हे पत्र पुढे आले आणि न्यायालयाने मंत्रालयाला खडसावले. तरीही १ जुलै २०२४ रोजी नियमच वगळण्याची अधिसूचना निघाली. २७ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने तिला स्थगिती दिली आणि ऑगस्ट २०२५ मध्ये मूळ प्रकरणच निकाली निघाल्याने ती स्थगितीही संपली. उरला तो १९५४ चा जादूटोणासदृश उपचारांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा कायदा. पण तो जाहिरात झाल्यानंतर तक्रार करण्याचा मार्ग आहे, आधी तपासण्याचा नव्हे. शिवाय तो ठराविक रोगांच्या यादीवर चालतो. मुलांचे पोट आणि लघवी 'नैसर्गिकरीत्या सुरळीत' ठेवण्याचे मोघम आश्वासन अशा यादीतून अलगद निसटते.

औषध म्हणून परवाना घेणे ज्याला नको असेल, त्याच्यासाठी अन्नाचा दरवाजा उघडा आहे. तेच घटक 'पूरक आहार' म्हणून अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या परवान्यावर विकता येतात. या प्राधिकरणाच्या २०२२ च्या आयुर्वेद आहारविषयक नियमांत चोवीस महिन्यांपर्यंतच्या बाळांसाठी असे पदार्थ करता येणार नाहीत, अशी स्पष्ट तरतूद आहे. ही मर्यादा अन्नाला लागू होते. त्यामुळे बाटलीवर अन्नसुरक्षेचा क्रमांक आहे की आयुर्वेदिक औषधाचा परवाना क्रमांक, हे पाहणे पालकांच्या दृष्टीने निरुपयोगी नाही. फक्त तो क्रमांक वाचण्याजोग्या आकारात छापलेला असला म्हणजे झाले.

जड धातूंचा मुद्दा जुना आहे, तरी तो टाळता येत नाही. बोस्टन परिसरातील दक्षिण आशियाई दुकानांतून घेतलेल्या सत्तर आयुर्वेदिक उत्पादनांपैकी चौदांत शिसे, पारा वा आर्सेनिक आढळल्याचे २००४ मध्ये 'जामा' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २००८ मध्ये त्याच संशोधकांनी इंटरनेटवरून मागविलेली १९३ उत्पादने तपासली, तेव्हाही प्रमाण पाचात एकाच्या आसपासच राहिले. या गदारोळानंतर केंद्राने निव्वळ वनस्पतिजन्य आयुर्वेदिक औषधांची धातूचाचणी सक्तीची केली, पण सुरुवात १ जानेवारी २००६ पासून निर्यात होणाऱ्या मालापासून. न्यू जर्सीतल्या मराठी घरातील मुलाला जे संरक्षण आधी मिळाले, ते नाशिकच्या मुलाला का नको, याचे उत्तर तेव्हा कोणी दिले नाही. लघवीच्या तक्रारींवर सर्रास दिल्या जाणाऱ्या चंद्रप्रभा वटीत तर लोहभस्म आणि सुवर्णमाक्षिक भस्म शास्त्रानुसारच असते. वैद्याने प्रकृती पाहून दिलेली वटी आणि शेजारणीच्या सांगण्यावरून मुलाला दिलेली वटी यांत म्हणूनच मोठे अंतर आहे.

सारा दोष बाटलीच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. पालक तिकडे वळतात, कारण दवाखान्यात त्यांना वेळ मिळत नाही. चार-पाच मिनिटांत मुलाचे पोट तपासणे, ते दिवसातून किती वेळा लघवीला जाते, शाळेत पाणी पिते का, मल कसा असतो हे विचारणे आणि मुलाला न लाजवता ऐकून घेणे होत नाही. लघवीची जंतुचाचणी न करताच प्रतिजैविक लिहून देण्याची सवयही सार्वत्रिक आहे. अंथरूण ओले करण्यावर दिल्या जाणाऱ्या आधुनिक औषधांचा इतिहासही निष्कलंक नाही. इमिप्रामिन हे औषध जादा मात्रेत हृदयाला घातक ठरते. डेस्मोप्रेसिनच्या नाकात मारायच्या फवाऱ्याने रक्तातील सोडियम घसरून मुलांना झटके आल्याच्या घटनांनंतर अमेरिकी औषध प्रशासनाने २००७ मध्ये या दुखण्यासाठी तो वापरू नये असे बजावले. हा निर्णय होऊ शकला, कारण झटक्यांची नोंद झाली होती. आयुर्वेदिक औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी राष्ट्रीय यंत्रणाही आता आहे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थेकडे तिचे समन्वयन आहे. परंतु जे आपण 'औषध' समजतच नाही, त्याचा दुष्परिणाम कळवायला कोण जाणार?

काही मुलांच्या बाबतीत वाट पाहणे परवडणारे नसते. मुलाची लघवीची धार बारीक, थेंबाथेंबाने किंवा जोर लावून येते. मुलगी नीट लघवीला जात असूनही दिवसभर सतत ओली असते. सहा महिने कोरडे राहिलेले मूल अचानक पुन्हा अंथरूण ओले करू लागते आणि त्याला तहानही फार लागते. कमरेच्या खाली, मणक्यावर केसांचा झुबका वा खळगा दिसतो. जन्मानंतर पहिले शौच दोन दिवस झालेले नव्हते आणि पोट कायम फुगलेले असते. यांपैकी प्रत्येकामागे मूत्रमार्गातील झडप, मूत्रवाहिनीची चुकीची जोडणी, मधुमेह, मज्जारज्जूचा दोष किंवा आतड्यातील चेतातंतूंचा अभाव असा ठोस आजार असू शकतो. त्यांतील काहींत तीन महिन्यांचा 'कोर्स' म्हणजे मूत्रपिंडाची तीन महिन्यांची झीज.

बाकीच्या, म्हणजे बहुसंख्य, मुलांसाठी तज्ज्ञ ज्या गोष्टींनी सुरुवात करतात त्या दुकानात मिळत नाहीत. एक वही आणि एक मापाचे भांडे घेऊन दोन दिवस लघवीची नोंद ठेवायची. मुलाच्या वयात एक मिळवून तिसाने गुणले की मूत्राशयाची अपेक्षित क्षमता मिलिलिटरमध्ये मिळते. सात वर्षांच्या मुलासाठी ती २४० होते. मोठ्या आतड्याची हालचाल जेवणानंतर वाढते, म्हणून दोन्ही जेवणांनंतर पाच-दहा मिनिटे, घाई न करता, पाय टेकवून बसवायचे. कमोडवर लटकणाऱ्या पायांखाली पाट ठेवायचा. उकिडवे बसण्याचा भारतीय संडास याबाबतीत सोयीचाच. पाणी दिवसा भरपूर, संध्याकाळनंतर बेताने. आणि ओल्या अंथरुणाबद्दल शिक्षा नाही.

दिवसा भरपूर पाणी, ही यांतली सर्वांत अवघड अट ठरते, कारण ती शाळेच्या दाराशी अडते. मुली सकाळपासून पाणी पीत नाहीत, कारण प्यायले तर जावे लागेल आणि जावे असे ते ठिकाण नसते. मुलांना तासाच्या मध्ये सोडले जात नाही. मधल्या सुट्टीत रांग लागते आणि दाराला कडी नसते. शिक्षण हक्क कायद्याने २००९ मध्ये मुला-मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे बंधनकारक केली, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती सहा महिन्यांत बांधण्याचे आदेश दिले, २०१४ पासून स्वच्छ विद्यालय मोहीम झाली. स्वच्छतागृहे बांधली गेली, त्यांची संख्या अहवालांत मोजली गेली. नळाला पाणी आहे का, सफाईला माणूस आहे का आणि तास चालू असताना हात वर करणाऱ्या मुलाला बाहेर जाऊ दिले जाते का, या रकान्यांवर पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत क्वचितच चर्चा होते. सात तास दाबून धरणारे मूल घरी येते, दप्तर फेकते आणि धावते. त्याच्यासाठी फळीवर बाटली तयार असते.